कॅरॅव्हॅनमधील फ्रिज चालत्या प्रवासात थंड का राहत नाही? (अलिबाग ते वेंगुर्ले, सागरी महामार्गाने)

सुरूबन

नमस्कार. आम्ही नुकतीच एक वापरलेली, राहण्याच्या सोयीने बांधलेली ट्रॅव्हलर गाडी विकत घेतली असून तीत गॅस, १२ व्होल्ट आणि घरगुती २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा सुमारे ९० लिटरचा फ्रिज बसवलेला आहे. गाडी दारात उभी करून फ्रिज घरच्या विजेवर लावला, तर रात्रभरात तो ४ अंशांपर्यंत उतरतो. त्या अर्थी यंत्र मुळात बिघडलेले नसावे. मात्र गाडी निघाली आणि तो १२ व्होल्टवर घेतला, की आतील तापमान हळूहळू चढू लागते. पनवेलहून सकाळी निघून महाडमार्गे दापोलीला पोहोचेपर्यंत ते १४ अंशांवर गेलेले असते आणि दुधाची पिशवी हाताला कोमट लागते. गाडी बांधून देणाऱ्याला विचारले असता, "कोकणात उकाडाच एवढा आहे, त्याला फ्रिज तरी काय करणार?" एवढेच उत्तर मिळाले.

येत्या मार्च महिन्यात अलिबागहून निघून मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे असे करीत वेंगुर्ल्यापर्यंत सावकाश जाण्याचा विचार आहे. सोबत आई असेल आणि तिचे इन्सुलिन असेल, म्हणून हा प्रश्न केवळ दुधाचा उरलेला नाही. हर्णैला मासळी घ्यावी आणि पुढच्या मुक्कामी रांधावी अशीही घरच्यांची इच्छा आहे. तेव्हा गाडी चालू असताना फ्रिज गॅसवर ठेवावा काय, की हा फ्रिज काढून कॉम्प्रेसरचा बसवावा, की या दोन्हींपूर्वी तपासण्याजोगे आणखी काही आहे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारजोड

आपल्या वर्णनावरून फ्रिज शोषण पद्धतीचा आहे हे उघड आहे, आणि तसे असेल तर गाडी बांधणाऱ्याचे म्हणणे फार तर अर्धे खरे आहे. या पद्धतीत कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे पाण्यातील द्रावण तापवून त्यातून अमोनियाची वाफ वेगळी केली जाते, ती वाफ थंड होऊन द्रव बनते, तो द्रव हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा बाष्प होताना फ्रिजच्या आतील उष्णता ओढून घेतो आणि ती उष्णता मागील नळ्या व पाती यांच्यावाटे बाहेरच्या हवेत जाते. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना सिद्ध केली, आणि आजही ती मूळ तत्त्वात तशीच आहे. द्रावण तापवण्यासाठी गॅसची ज्योत असो वा विजेची एलिमेंट (तापणारी तार), फ्रिजला त्याचे सोयरसुतक नसते. पुरेशी उष्णता मिळाली पाहिजे, एवढीच त्याची अट असते.

नेमकी हीच अट १२ व्होल्टवर मोडते. या आकाराच्या फ्रिजची १२ व्होल्टची एलिमेंट सर्वसाधारणपणे १२० ते १७० वॅटची असते, म्हणजे ती अखंड १० ते १४ अँपिअर ओढते. घरच्या २३० व्होल्टवर तेवढ्याच शक्तीला अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो, त्यामुळे तार बारीक असली तरी बिघडत नाही. १२ व्होल्टवर मात्र तारेतील आणि सांध्यांतील प्रत्येक लहानसा अडथळा व्होल्टेज खातो, आणि एलिमेंटची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने, व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले की उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते. फ्रिज बंद पडत नाही, दिवाही लागलेला दिसतो, पण आत थंडावा निर्माण होत नाही. त्यामुळेच हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही आणि त्याचे खापर हवामानावर फुटते.

आपण पुढीलप्रमाणे मोजमाप करावे. इंजिन चालू ठेवून, फ्रिज १२ व्होल्टवर किमान १० मिनिटे चालू असताना, प्रथम बॅटरीच्या खांबांवर आणि नंतर फ्रिजच्या मागील जोडपट्टीवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहावे. भार नसताना घेतलेले माप येथे निरुपयोगी आहे, कारण प्रवाहच वाहत नसेल तर तूट दिसणारच नाही. फ्रिजपाशी अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक तूट आढळली, तर रोग सापडला असे समजावे. त्याच वेळी मागील जाळी काढून बॉयलरभोवती (द्रावण तापते त्या भागाभोवती) पिवळसर पूड किंवा डाग दिसतात काय आणि अमोनियाचा झोंबरा वास येतो काय, हेही पाहावे. तसे असल्यास द्रावण गळू लागले आहे आणि मग नव्या तारांवर पैसा खर्च करण्यात अर्थ नाही.

गाडी चालू असताना गॅसविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. युरोपातील ज्या गाड्यांत ही मुभा असते, त्यांत धडक बसताच गॅस तोडणारा संवेदक आणि नळी फाटल्यास प्रवाह रोखणारी झडप अशी व्यवस्था असते; आपल्याकडे साध्या रेग्युलेटरवर आणि रबरी नळीवर बसवलेल्या जोडणीत त्यातील काहीही नसते. पेट्रोल पंपावर पेटती ज्योत घेऊन जाणे तर सरळसरळ घातक आहे. आपल्या मार्गात आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी आहेत, आणि त्यांवर गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात. बोटीवर चढण्यापूर्वी सिलिंडरची झडपच बंद असली पाहिजे. फ्रिजवरील बटण बंद करणे पुरेसे नाही.

जांभा

तारजोड यांनी विजेची बाजू सविस्तर मांडली आहे आणि तिच्याशी माझे दुमत नाही. परंतु अशा फ्रिजांच्या तक्रारी ऐकताना मला वारंवार जाणवते की लोक फ्रिजमध्ये काय शिरते याचाच विचार करतात, त्यातून काय बाहेर पडते याचा करीत नाहीत. शोषण फ्रिजला आत ओढलेली उष्णता आणि एलिमेंटची उष्णता अशी दोन्ही मागच्या बाजूने टाकावी लागते. गाडीच्या भिंतीत खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या असतात त्या याचसाठी: खालून गार हवा शिरावी, पात्यांवरून तापत वर जावी आणि वरच्या जाळीतून निघून जावी. फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये हाताचे पंजे मावतील एवढी पोकळी राखून दिली, तर हवा पात्यांना टाळून त्या पोकळीतूनच वर जाते. पत्र्याचा एक वाकवलेला तुकडा लावून हवेला पात्यांवरूनच जायला भाग पाडावे लागते, आणि स्थानिक सुतारकामात नेमका हाच तुकडा राहून जातो. वरच्या जाळीच्या आत संगणकात असतात तसे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे लावल्यास ते मिळून जेमतेम ५ वॅट खातात आणि दुपारच्या वेळी त्यांचा लाभ स्पष्ट दिसतो. सायलेन्सरची नळी खालच्या जाळीजवळून जात नाही ना, हेही एकदा गाडीखाली वाकून पाहावे.

आता कोकणाविषयी. फ्रिजच्या आतील पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: एन असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या परिसरासाठी, एसटी असेल तर ३८ पर्यंत आणि टी असेल तर ४३ पर्यंत. थंड देशांतून आलेले पुष्कळ फ्रिज एन किंवा एसटी वर्गातील असतात. किनाऱ्यावर एरवी पारा ३२-३३ च्या पुढे फारसा जात नाही, पण आपण निवडलेल्या मार्च महिन्यातच पूर्वेचे कोरडे वारे सुटले की रत्नागिरीसारख्या ठिकाणीही तो ३८ च्या पुढे जातो, आणि बंद गाडीच्या आत त्याहून बराच अधिक. शिवाय देशावर रात्री हवा गार होते आणि फ्रिजला दिवसाचे झालेले नुकसान भरून काढायला अवधी मिळतो. किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत रात्रीसुद्धा २५-२६ अंशांची दमट हवा असते, म्हणून तो अवधी तुटपुंजा पडतो.

दमटपणाचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेने ९० लिटरचा फ्रिज एकदा भरला, तर ती हवा ५ अंशांपर्यंत गार करण्यास सुमारे ३ किलोज्यूल लागतात, पण तिच्यातील बाष्पाचे पाणी होताना आणखी ४ किलोज्यूल बाहेर पडतात. म्हणजे दार उघडल्यावर आत शिरणाऱ्या हवेपेक्षा तिच्यातील ओलच अधिक भारी पडते. मुले दर अर्ध्या तासाने सरबतासाठी दार उघडत असतील, तर शोषण फ्रिजच्या तुटपुंज्या ताकदीतील मोठा वाटा त्यातच जातो. पिण्याचे पाणी वेगळ्या शीतपेटीत ठेवावे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. दाराच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी अडकवून ओढून पाहावी; ती विनासायास निसटली, तर त्या जागी रबर बसत नाही आणि बाहेरची ओल अखंड आत येत आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर पूर्ण गार करावा आणि त्यात ठेवायचे सर्व जिन्नसही घरच्या फ्रिजमधून थंड झालेलेच ठेवावेत. १० लिटर पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणण्यासाठी सुमारे २९० वॅट-तास उष्णता काढावी लागते. भिंतींतून होणारी गळती भरून काढल्यावर आपल्या फ्रिजकडे समजा १५ ते २० वॅटची ताकद शिल्लक राहिली, तर एवढ्याच कामाला १४ ते १९ तास लागतील, आणि तोवर आपण गुहागरला पोहोचलेले असाल. उलट घरी गोठवलेल्या एक लिटरच्या चार बाटल्या आत ठेवल्या, तर त्यातील बर्फ वितळताना सुमारे ३७० वॅट-तास उष्णता शोषून घेतो, आणि तेवढ्यात दिवसभराची गळती जवळजवळ भरून निघते. चालत्या गाडीत फ्रिजला थंड करण्याचे काम द्यायचेच नाही, थंड राखण्याचे तेवढे द्यायचे. बाटल्या काठोकाठ भरू नयेत, पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते.

आणखी एक बाब उताराची. आतील द्रावण केवळ गुरुत्वाने खाली येत असल्याने उभी गाडी ३ अंशांपेक्षा अधिक कलती असेल, तर चक्र थांबते आणि बॉयलर मात्र तापत राहतो. असे वारंवार घडले तर आतील गंजरोधक क्षार नळीत साचून फ्रिज कायमचा निकामी होतो. अर्ध्या मीटरमागे अडीच सेंटिमीटरचा फरक म्हणजे ३ अंश. परशुराम घाटातून किंवा कशेडीतून जाताना याची चिंता नको, कारण हलती गाडी सतत कल बदलत असते. पण नारळी-पोफळीच्या वाडीत उतरत्या पाखाडीवर रात्रभर गाडी लावायची असेल, तर गवंड्याची पाणसळ फ्रिजच्या तळावर ठेवून चाकांखाली फळ्या घालाव्यात. आणि दक्षिणेकडे जाताना दुपारनंतरचे ऊन गाडीच्या उजव्या अंगावर येते; जाळ्या त्या बाजूला असतील, तर दुपारची विश्रांती घेताना गाडी उलट तोंडाने उभी करावी.

बर्फलादी

मासळीविषयी लिहितो, कारण आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बंदरावरचाच व्यवहार आहे. हर्णैला लिलावातून किंवा कोळणीकडून घेतलेली मासळी या फ्रिजमध्ये ठेवूच नये. ताज्या मासळीला बर्फाची संगत लागते, म्हणजे शून्य अंशाच्या आसपासची, आणि आपला फ्रिज प्रवासात ७-८ अंशांवर राहिला तरी आपण समाधान मानणार आहात. बांगडा, सुरमई, कुपा या जातींत तर उष्णतेने हिस्टामाइन तयार होते, ते शिजवल्यानेही नष्ट होत नाही आणि खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठून चेहरा लालबुंद होतो. वासावरून ते नेहमी ओळखू येतेच असेही नाही.

यासाठी जाड थर्माकोलची किंवा फोम भरलेली पेटी वेगळी ठेवावी. बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून चुरा करून मिळतो. बाजारातून चौकोनी खडे घेण्यापेक्षा चुरा बरा, कारण तो मासळीला सर्व बाजूंनी चिकटतो. आपल्याकडच्या हवेत मासळीच्या वजनाएवढा बर्फ घ्यावा, त्याहून कमी नाही. पोट साफ करून, स्वच्छ धुऊन, तळाशी बर्फाचा थर, त्यावर मासळी, पुन्हा बर्फ असे रचावे आणि पेटीच्या तळाचे भोक उघडे ठेवून वितळलेले पाणी निथळू द्यावे. हे पाणी गाडीच्या जमिनीवर सांडू देऊ नये. ते खारट असते आणि पत्रा व तारांचे सांधे दोन्ही खाते. भोकाला नळी लावून ती डब्यात सोडावी. कोलंबी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फात पुरावी, नाहीतर निथळत्या पाण्याबरोबर तिची चव निघून जाते.

इन्सुलिनबद्दल, आमच्या घरातही ते असते म्हणून एवढेच सांगतो. न उघडलेल्या कुप्या किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी फेकूनच द्यावे लागते. त्यामुळे जांभा यांनी सुचवलेल्या बर्फाच्या बाटल्यांना किंवा फ्रिजच्या गार पात्याला ते टेकता कामा नये. टॉवेलात गुंडाळून डब्यात घालून दाराच्या कप्प्यात ठेवावे आणि शेजारी तापमापक असावा. वापरात असलेले पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते, तरी त्याच्या वेष्टनातील पत्रक वाचून आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे. पाण्यात भिजवून वापरायच्या गार पिशव्या मिळतात, पण त्या पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतात आणि आपल्या दमट हवेत त्यांचा प्रभाव कमी पडतो. देशावर माठातील पाणी जेवढे गार होते तेवढे किनाऱ्यावर होत नाही, त्याचेही कारण हेच.

सुरूबन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि फ्रिजच्या जोडपट्टीवर ११.० व्होल्ट भरले. फ्रिजच्या पाटीवर १२ व्होल्टला १३० वॅट आणि हवामान वर्ग एसटी असे लिहिलेले आहे. तारेवर १.५ चौरस मिलिमीटरची खूण असून बॅटरीपासून फ्रिजपर्यंतचे अंतर सुमारे ६ मीटर आहे. जोडणी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून नेलेली आहे. तो प्लग काढून पाहिला, तेव्हा त्याच्या टोकाची स्प्रिंगची टोपी तपकिरी पडली होती आणि भोवतीचे प्लास्टिक एका बाजूने वितळून खचले होते. ऋण तार फ्रिजच्या मागे चासीला एका स्क्रूने आवळली आहे आणि त्या स्क्रूवर गंज आहे. पिवळे डाग किंवा वास नाही. वरच्या जाळीत मात्र कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, त्याने जवळजवळ निम्मी जाळी बुजली होती.

आता तारा बदलल्याने प्रश्न सुटेल, की कॉम्प्रेसरचा फ्रिज घेण्यावाचून गत्यंतर नाही? आणि फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद ठेवून तासभर थांबावे लागले, तर फ्रिज कशावर ठेवावा?

तारजोड

आपल्या आकड्यांवरून सर्व उलगडते. १३० वॅटच्या एलिमेंटला ११ व्होल्ट मिळाल्यास ती १०९ वॅटच देते आणि प्रवाह सुमारे १० अँपिअर राहतो. ऋण बाजू चासीतून परतत असल्याने ६ मीटर लांबीच्या १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या एकेरी तारेचा अडथळा ०.०७ ओम होतो, म्हणजे तारेत ०.७ व्होल्ट गेले. उरलेले २.१ व्होल्ट आपल्या त्या वितळलेल्या प्लगमध्ये आणि गंजलेल्या स्क्रूपाशी गेले. दोन्ही मिळून २८ वॅट उष्णता फ्रिजऐवजी तारांत आणि सांध्यांत निर्माण होत आहे, आणि त्यातील तीन-चतुर्थांश बोटभर जागेत. थंडावा राहू द्या, आग लागली नाही हे नशीब समजावे. ती जोडणी आजच तोडावी.

नवी जोडणी ६ चौरस मिलिमीटर तारेने, धन आणि ऋण दोन्ही थेट बॅटरीपासून, चासीचा आधार न घेता करावी. बॅटरीपाशी २० अँपिअरचा फ्यूज असावा. सांधे पिळून टेप गुंडाळण्याऐवजी कथिल चढवलेल्या तांब्याचे लग (तारेच्या टोकाला बसणारे जोड) दाबून बसवावेत आणि त्यांवर आतून गोंद असलेली, तापवून आकसणारी नळी चढवावी; खाऱ्या हवेत उघडे तांबे एका पावसाळ्यात हिरवे पडते. एवढे केल्यावर तूट ०.४ व्होल्टच्या आसपास येईल, फ्रिजला सुमारे १३.४ व्होल्ट मिळतील आणि एलिमेंट १६० वॅटच्या जवळपास शक्ती देईल, म्हणजे आत्ताच्या जवळजवळ दीडपट. जाळी मोकळी झाली आहेच, तीत बारीक पितळी जाळी बसवावी म्हणजे माशी परत येणार नाही.

इंजिन बंद असतानाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. १०-१२ अँपिअरचा भार १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच तासांत अर्धी रिकामी करतो, आणि त्यानंतर ती गाडी सुरू करीलच याची खात्री नसते. म्हणून फ्रिजची तार अशा रिलेवरून न्यावी, जो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज देणारे जनित्र) चालू असतानाच जोड देतो आणि इंजिन थांबताच तोडतो. आगरदांड्याला किंवा दाभोळला तासभर थांबावे लागले, तरी दार न उघडल्यास आणि बर्फाच्या बाटल्या आत असल्यास तापमान अंशभरही चढणार नाही. त्या वेळी फ्रिज सरळ बंद राहू द्यावा. मुक्कामी गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी निवासाच्या व्यवस्थापकाकडे साधा ५ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट मागावा, कारण या फ्रिजला २३० व्होल्टवर त्याहून मोठा लागतच नाही.

कॉम्प्रेसरविषयी माझे मत असे की हे दुरुस्तीचे काम आधी करून एखाद्या गरम आठवड्यात परीक्षा घ्यावी आणि मगच ठरवावे. एसटी वर्गाचा फ्रिज ३८ अंशांच्या पुढे हार मानेल हे खरे आहे, आणि वर्षभर किनाऱ्यावरच फिरायचे असेल तर कॉम्प्रेसरला पर्याय नाही. ५० लिटरच्या आसपासचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५-५० वॅट घेतो, पण तो मधूनमधून थांबत असल्याने कोकणातील उष्म्यातही दिवसाला साधारण ४०० ते ६०० वॅट-तासांत भागते आणि गाडी कलती असली तरी त्याला फरक पडत नाही. मात्र त्यासाठी वेगळी बॅटरी हवी. १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी त्याला दोन दिवस पोसू शकते. तेवढ्याच लेड-ॲसिडकडून एका दिवसापेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी आपले व्होल्टेज मध्येच खाली आणतो, त्यामुळे अशा गाडीत साधा रिले पुरत नाही आणि मधे डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे येणारे व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारे यंत्र, बसवावा लागतो.

कुळागर

एक वेगळी बाजू मांडतो. १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज उत्तम असतात, पण कणकवलीत किंवा चिपळूणमध्ये तो बंद पडला तर त्याचा इलेक्ट्रॉनिक भाग मिळत नाही आणि यात्रा तिथेच थांबते. माझ्या गाडीत मी साधा एक दाराचा घरगुती फ्रिज, शुद्ध साइन वेव्हच्या, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणाऱ्या, इन्व्हर्टरवर चालवतो. किंमत निम्म्याहून कमी पडते आणि गावोगावचा मेकॅनिक तो उघडू शकतो. दाराला बाहेरून पट्टा लावणे, काचेचे कप्पे काढून जाळीचे बसवणे आणि फ्रिज चारही बाजूंनी रबरी ठोकळ्यांवर आवळणे एवढी तयारी मात्र करावी लागते.

तारजोड

कुळागर यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, विशेषतः सुट्या भागांविषयी. पण दोन गोष्टी हिशेबात धराव्यात. इन्व्हर्टर स्वतः रिकामा चालू असतानाही १० ते १५ वॅट खातो, म्हणजे २४ तासांत २४० ते ३६० वॅट-तास, आणि एवढ्यात फ्रिजचा अर्ध्याहून अधिक खर्च भागला असता. दुसरे म्हणजे जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सातपट प्रवाह क्षणभर ओढतो. त्यामुळे १०० वॅटच्या फ्रिजसाठीही हजार वॅटचा इन्व्हर्टर आणि त्याला साजेशा जाड तारा लागतात. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गती कमी-जास्त करू शकणारा) असलेला फ्रिज निवडला तर हा झटका बराच सौम्य होतो.

कुळागर

मान्य. माझ्या छतावर ३०० वॅटचे सौर पॅनेल आहे, म्हणून तो खर्च मला जाणवत नाही. पावसाळ्यात आणि माडांच्या सावलीत मात्र जाणवतो, आणि त्या दिवसांत मी रात्री इन्व्हर्टर बंद करून गोठवलेल्या बाटल्यांवर सकाळपर्यंत निभावतो.

जांभा

सुरूबन, एक लहान गोष्ट राहिली. फेरीबोटीच्या उतरणीवर गाडीचे नाक एकदम खाली जाते आणि मग वर येते. ज्या फ्रिजचे दार गाडीच्या तोंडाकडे किंवा मागे उघडते, त्याची खिटी तिथेच सुटते. बोटीवर चढण्यापूर्वी सिलिंडरची झडप बंद केलीत, की त्याच वेळी खिटीही हाताने दाबून पाहावी. दाराच्या कप्प्यात काचेची बाटली ठेवू नये. आईचे इन्सुलिन तिथेच ठेवणार असाल, तर ते प्लास्टिकच्या घट्ट डब्यात असावे आणि डबा कप्प्याला रबराने बांधलेला असावा.